दुकानाबाहेरचा नळ

घटस्थापना झाली की आमच्या चिखलीतल्या बिल्डिंगच्या जिन्यात एक वास घोटाळायला लागतो. भाजलेल्या शेंगदाण्यांचा. घरोघरी उपासाचं कूट चाललेलं असतं. आणि त्याच्या मागोमाग, कधी तिसऱ्या मजल्यावरून तर कधी थेट शेजारून, दुसरा वास येतो. जळक्या तारेचा. तो आला की मी पायरीवरच थांबते आणि मनातल्या मनात म्हणते, गेला! कुणाचा तरी मिक्सर गेला. लोकांचे हंगाम आंब्याचे असतात, हुरड्याचे असतात, लग्नाचे असतात. माझा हंगाम हा. नवरात्र ते लक्ष्मीपूजन, मिक्सर जळायचा.

हसू नका, माझं पोट त्यावर चालतं. चाकणला मिक्सर बनवणारी एक कंपनी आहे, तिथं जाहिरातीच्या खात्यात मी गेली कित्येक वर्षं काम करते. मूळची परभणीकडची, लग्न होऊन इकडे आले आणि इथलीच झाले. टीव्हीवर किंवा मोबाइलवर लाडू वळणारी एक हसरी बाई येते आणि शेवटी आवाज येतो, ‘आपल्या घरचा भरवसा’, ती ओळ माझी. फार मोठी प्रतिभा लागली असं नाही. पण चांगली चालली. स्वभावानं मी तापट आहे. घरात मला शॉर्ट सर्किट म्हणतात, आणि म्हणणारे माझ्यासमोर म्हणत नाहीत.

या हंगामाचं राज्य खऱ्या अर्थानं पाहायचं तर आमच्या कंपनीत येऊ नका, महाळुंग्याला मुनीरभाईंच्या दुकानात जा. कंपन्यांच्या भिंतींच्या मध्ये उरलेल्या जुन्या गावात, वळणावर त्यांचं दुकान आहे. वर आमच्या कंपनीचा नारिंगी बोर्ड, ‘अधिकृत दुरुस्ती केंद्र’, खाली माझी ओळ. मुनीरभाईंचं घराणं या गावातलंच, कारखाने यायच्या आधीपासूनचं. वडील विहिरीवरच्या मोटारी बांधायचे, विहिरी बुजल्या तसे हे मिक्सरकडे वळले. आत शिरलं की वार्निशचा, तापलेल्या तांब्याचा वास येतो आणि त्यात मिसळलेले शंभर घरांचे वास. लोक भांडी घासून आणतात, पण पात्याखाली काहीतरी राहतंच. मुनीरभाई भांडं उचलून नाकाशी नेतात आणि सांगतात, ‘ह्यांच्यात सासू आलीया गावाकडनं. गोडा मसाला हाय.’ ते बरोबर की चूक, कोण तपासायला जातंय! पण ऐकत बसावंसं वाटतं.

आणि ते लाल बटण. मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं. फार ताण आला की मोटर जळू नये म्हणून ते बाहेर उडतं आणि मिक्सर बंद पडतो. दाबलं की परत चालू. हे आम्ही पुस्तिकेत छापतो, जाहिरातीत सांगतो, आणि तरी अर्धं महाळुंगे घाबऱ्या चेहऱ्यानं मिक्सर पोटाशी धरून दुकानात येतं. एखादी बाई म्हणते, ‘भाईजान, पाहुणे यायलेत हो, आजच द्या.’ बोली ऐकून मला कळतं, ही आमच्या मराठवाड्याची. मुनीरभाई मिक्सर उलटा करतात, बटण दाबतात, सरळ करतात. ‘झालं. घिऊन जा.’ त्याचे पैसे त्यांनी कधी घेतलेले मी पाहिले नाहीत. मी एकदा रागावलेसुद्धा, अहो वेळ जातो तुमचा. तर म्हणाले, ‘ताई, माणूस एवढा घाबरून येतो आन् हसत जातो. तेवढं बघायला मिळतं की.’

दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेला एक नळ आहे. खाली फरशीचा तुकडा, पुढं गटार. भांडं खोललं की मुनीरभाई त्या नळावर उकिडवे बसून ते धुतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत. कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुठल्या कंपनीत ओव्हरटाइम सुरू झाला, कुणाकडे भाड्यानं खोली आहे, सगळं त्या नळावर कळतं. सकाळच्या शिफ्टला जाणारी पोरं गाडीचा वेग कमी करून ‘काय भाई!’ म्हणतात, आणि भाई ओला हात वर करतात.

मी सांगतेय त्या वर्षीची गोष्ट या नळापासूनच सुरू झाली.

नवरात्र लागून थोडेच दिवस झाले होते. मी चाकणहून घरी जाताना नेहमीसारखी दुकानात डोकावले. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं ऐकायला म्हणून जायचं आणि चहा पिऊन यायचं, हा माझा नियम. त्या दिवशी दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. ऐन नवरात्रात! मुनीरभाईंनी मला स्टूल दिलं आणि मोबाइल पुढं केला.

‘ताई, ही जाहिरात तुमचीच ना?’

माझीच होती. लाडूवाली बाई हसली, मिक्सर फिरला, ‘आपल्या घरचा भरवसा’. मी म्हटलं, हो, नवीन आहे, कशी झालीय?

‘लई झकास झालीया,’ ते म्हणाले. ‘आता फुडं बघा.’

पुढं मुनीरभाईच दिसले. रस्त्याच्या पलीकडून कुणीतरी चोरून घेतलेला व्हिडिओ. भाई नळावर बसलेत, हातात मिक्सरचं भांडं, आणि भांड्यातून लालभडक पाणी गटारात वाहतंय. मागे भीतीदायक संगीत. पाण्यावर मोठा बाण. आणि अक्षरं: ‘नवरात्रात तुमच्या घरच्या भांड्यात इथे काय वाटलं जातंय?’ वर आमचा नारिंगी बोर्ड अगदी स्पष्ट.

ते लाल पाणी म्हणजे भिजवलेल्या ब्याडगी मिरच्यांचं वाटण होतं. एका बाईंनी भांडं तसंच भरलेलं आणून दिलं होतं, पातं अडकलं म्हणून. व्हिडिओत कुठेही काही आरोप नव्हता, एवढं लक्षात घ्या. नुसता प्रश्न विचारला होता. प्रश्नाला कोण पकडणार? खाली मात्र लोकांनी उत्तरं दिली होती. ती मी इथं लिहिणार नाही.

‘दर टायमाला असंच हुतं,’ मुनीरभाई सांगत होते, आवाज न चढवता. ‘कोन काय लिहितंय बघावं म्हणून उघडतो, तर पयलं ती बाई लाडू वळती, मग मी दिसतो. आता ती बाई वळकीची झालीया.’

आणि हसले. मला हसता येईना. ज्या प्लॅटफॉर्मवर हा व्हिडिओ टाकणारं पेज होतं, त्याच्याबद्दल तेव्हा सगळीकडे ओरड चाललीच होती, की तिथं जितकं विखारी तितकं जास्त फिरतं. आमच्या जाहिराती कुठं लागाव्यात हे आम्ही ठरवत नाही, यंत्र ठरवतं. जिथं माणसं जास्त थांबतात तिथं ते जाहिरात चिकटवतं. आणि त्या व्हिडिओवर माणसं थांबत होती. जेवढी थांबतील, तेवढा त्या पेजवाल्याला वाटा मिळणार, तोही आमच्याच जाहिरातीतून. म्हणजे भाईंना गिऱ्हाईक आणून द्यायला काढलेली माझी बाई भाईंचं गिऱ्हाईक घालवणाऱ्याचं घर चालवत होती.

मी तिरीमिरीत दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले.

आमच्या खात्याच्या प्रमुख वर्षा मॅडम. वाकडला विसाव्या की बाविसाव्या मजल्यावर राहतात, साखर न घातलेली काळी कॉफी पितात, आणि विचार करायचा असला की पेनाचं टोपण चावतात. मनानं फार चांगल्या, फक्त मनातलं बाहेर यायला वेळ लागतो. आणि सेल्सचे साठे साहेब. साठे साहेबांना मी व्हिलन करणार नाही. माझ्या मुलाला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा रोज डबा घेऊन येणारा हा माणूस आहे. पण त्या दिवशी आमची जी जुंपली!

मी म्हटलं, त्या प्लॅटफॉर्मवरची जाहिरात बंद करा. साठे म्हणाले, ‘अगं, ऐन सीझनमध्ये? गिऱ्हाईक सगळं तिथंच आहे. आपण उठलो तर आपली जागा उद्या दुसरा मिक्सरवाला घेईल. ते पेज बंद पडणार आहे का त्यानं? आठवडी बाजारात खिसेकापू असतात, म्हणून कुणी दुकान मांडायचं थांबतं का?’

मी म्हटलं, खिसेकापूला आपण पगार देत नाही ना पण.

‘आपण कोण गं ठरवणार, कुठलं चांगलं नि कुठलं वाईट? आपण मिक्सर विकतो. आज हे पेज, उद्या दुसरा कुणी म्हणेल ते चॅनल नको, परवा तिसरा म्हणेल ते वर्तमानपत्र नको. कुठं थांबायचं? आणि सीझन गेला तर खाली शॉप फ्लोअरवरच्या पोरांचा बोनस कोण देणार, तू?’

यात खोटं काही नव्हतं. खाली वाइंडिंग करणाऱ्या, भांडी पॉलिश करणाऱ्या माणसांची दिवाळी आमच्या विक्रीवर असते, हे मलाही दिसतं. साठेंनी हळूच पुढचं सुचवलं. ‘तोवर असं करू. त्या दुकानावरचा आपला बोर्ड उतरवू. तात्पुरता. वातावरण निवळलं की परत लावू.’

माझं डोकंच फिरलं. म्हणजे जाहिरात तिथं ठेवायची आणि बोर्ड इथला काढायचा? अहो, बोर्ड उतरला की त्या प्रश्नाचं उत्तर आपणच दिलं, हो, काहीतरी काळंबेरं होतं! मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ‘काखा वर करू नका’ असं म्हटल्याचं आठवतं, आणि शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिल्याचं. वर्षा मॅडम टोपण चावत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘लेट मी थिंक. दोघंही जा आता.’

घरी आले तर झोपाळ्यावर बसून मला सारखे अण्णा आठवत होते, माझे वडील. अण्णा भिंती रंगवायचे. परभणी, पाथरी, मानवत, त्या बाजूला रस्त्याकडेच्या भिंतींवर बियाण्याच्या, साबणाच्या, विड्यांच्या जाहिराती दिसायच्या, त्यातल्या कितीतरी त्यांच्या हातच्या. भिंत शोधायची, मालकाची परवानगी घ्यायची, चुना मारायचा, मग सुतळीनं रेघा. जास्तीत जास्त लोकांना दिसणारी भिंत शोधण्यात त्यांचा हातखंडा. एकदा एका गावाबाहेर त्यांना अशी भिंत सापडली की विचारू नका. लांबलचक, रस्त्याला लागून, वरून झाडाची सावली नाही. ग्रामपंचायतीनंही हो म्हटलं. अण्णांनी त्यावर दंतमंजनाची जाहिरात काढली. हातभर लांब पांढरेशुभ्र दात, आणि खाली ‘हसा, मनमोकळं हसा!’ रंग वाळला, अण्णा लांब जाऊन उभे राहिले, खूश झाले. तेवढ्यात वाजतगाजत नाही, तर मुकाट्यानं माणसं चालत आली. ती भिंत स्मशानाची होती.

आम्ही भावंडं ही गोष्ट ऐकून लोळून हसायचो. अण्णाही हसायचे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःचा चुना नेऊन ते दात पुसून टाकले होते. कंपनीचा माणूस चिडला, एवढी मोक्याची भिंत! अण्णा त्याला म्हणाले, ‘साहेब, भिंत मोक्याचीच होती हो. सगळ्यांना दिसत होती. पण तिथं लोक रडायला येतात.’

आमच्या धंद्यात आता भिंत कुणी शोधत नाही. आम्हाला फक्त किती डोळ्यांना दिसलं ते कळतं. ते डोळे हसत होते का, रडत होते, का कुणाच्या तरी जिवावर उठले होते, ते काही कळत नाही. अण्णांना निदान लांब जाऊन उभं राहता यायचं.

पुढचे दिवस जीव नुसता टांगणीला. मॅडम विचार करत होत्या, साठे माझ्याशी कामापुरतं बोलत होते, आणि मुनीरभाईंना फोन करायची मला हिंमत होईना. बोर्ड राहणार की उतरणार हेच मला माहीत नव्हतं, तर त्यांना काय सांगणार! आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला कंपनी बघावी. एरवी तेलाच्या वासात बुडालेल्या शॉप फ्लोअरवर त्या दिवशी झेंडू आणि उदबत्तीचा घमघमाट असतो. प्रेसना हार, लेथला हार, वाइंडिंगच्या मशिनींना हार, फोर्कलिफ्टच्या तोंडाला केळीचे खुंट. बायका काठापदराच्या साड्यांत, पुरुष कोऱ्या शर्टात, आणि पूजा झाली की एकेक मशीन बंद होत जातं. शेवटचं बंद झाल्यावर जी शांतता पसरते, ती वर्षातून एकदाच. इतके दिवस आपण केवढ्या आवाजात राहत होतो ते तेव्हा कळतं. पूजा झालेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही.

पूजेचं ताट सगळ्या खात्यांतून फिरवायचा मान वाइंडिंगच्या कदम मामांचा. ते दरवर्षी आमच्या खोलीतही येत. आमच्याकडे मशीन कुठलं? मग आम्ही कॉम्प्युटर पुसून ठेवायचो, मामा त्यांना कुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे, आणि दरडावायचे, ‘आता बंद करा. पूजा झाली.’ आम्ही हसत स्क्रीन बंद करायचो. जाहिराती मागे चालूच असायच्या, हे मामांना कुठं माहीत!

त्या वर्षी मामांनी मॅडमच्या लॅपटॉपला कुंकू लावलं तेव्हा पडद्यावर जाहिरातींचाच तक्ता उघडा होता. कुठली जाहिरात कुठं चालू आहे त्याचा. मामांनी कौतुकानं वाकून पाहिलं. ‘मॅडम, ह्ये कशाचं मशीन म्हनायचं?’

‘जाहिरातीचं, मामा.’

‘आन् ह्ये हिरवं हिरवं?’

‘ते चालू असलेलं.’

‘मग बंद करा की!’ मामा खरंच रागावले. ‘पूजा करून वर चालवताय व्हय? खाली समद्यांनी बंद केलं, तुमचंच काय येगळं?’

मी हसणार होते. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘कर बंद. सगळं.’

‘सगळं?’

‘आज खंडेनवमी आहे ना? सगळं.’

मी एकेक हिरवा ठिपका बंद करत गेले. टीव्हीचा आमच्या हातात नव्हता, पण मोबाइलवरचं झाडून सगळं बंद झालं. लाडूवाली बाई जिथं जिथं होती तिथं तिथं हात थांबवून बसली. साठे साहेबांचा फोन आला, तो मॅडमनी घेतला. पलीकडचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. मॅडम म्हणाल्या, ‘साठे, दोन दिवस. खाली प्रेस बंद आहेत ते चालतं ना तुम्हाला?’ आणि फोन ठेवून टाकला. मामांनी आमच्या हातावर बुंदी ठेवली.

दसऱ्याला मी सोनं घेऊन महाळुंग्याला गेले. दरवर्षी जाते. आपट्याची पानं हातात देऊन पाया पडायला लागले की मुनीरभाई मागे सरतात, ‘ताई, तुमी नगा, मी धाकटा हाय’, आणि मी म्हणते, पांढऱ्या दाढीचे धाकटे मी पहिल्यांदाच बघतेय. हा आमचा ठरलेला संवाद. त्या दिवशी मात्र मी रस्त्यावरच थबकले. बोर्ड नव्हता. भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ, न मळलेला चौकोन तेवढा होता.

मला वाटलं, साठेंनी माझ्या नकळत माणसं पाठवली. तरातरा आत गेले. मुनीरभाई दुकानाच्या आतल्या भागात, पडद्यामागे, बादलीत भांडी धूत बसले होते. बोर्ड जुन्या चादरीत नीट गुंडाळून कोपऱ्यात उभा केलेला.

‘कुणी काढला?’ मी ओरडलेच.

‘म्याच. तुमच्या कंपनीला उगा माझ्यापायी तरास. फोन यायच्या आदी आपनच काढलेला बरा.’ हात पुसत ते उठले. ‘ओरखडा न्हाई पडू दिला, बघा पायजे तर.’

‘आणि हे आत का धुताय? नळाचं पाणी गेलंय का?’

त्यांनी खाली बसून परत बादलीत हात घातले. आतून भाभी, मुनीरभाईंच्या पत्नी, म्हणाल्या, ‘पाणी आहे ताई. ह्यांनाच बाहेर बसू वाटत नाही. सारखं वाटतंय कुणीतरी व्हिडिओ काढतंय.’

मी आपट्याची पानं त्यांच्या ओल्या हातात दिली. एक माणूस आयुष्यभर ज्या नळावर बसून गावाशी बोलला, त्याला तिथं बसायची भीती वाटावी! मला रडूच आलं. मी ते लपवलंही नाही. भाईच कावरेबावरे झाले, ‘अवं ताई, सनाचं रडत्यात व्हय,’ म्हणून भाभींना चहा टाकायला सांगू लागले. रस्त्यावर येऊन मी मॅडमना फोन केला. म्हटलं, मॅडम, बोर्ड त्यांनीच उतरवला, आणि ते आता पडद्याआड भांडी धुतात. मॅडम ‘बरं’ एवढंच म्हणाल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीत नारळ फुटला आणि मशिनी परत सुरू झाल्या. त्या एकदम सुरू करत नाहीत. एक चालू करायची, उभं राहून तिचा आवाज ऐकायचा, बरा वाटला तर पुढची. आमच्या खोलीत मॅडमनी तसंच केलं. एकेक जाहिरात माझ्याकडून चालू करून घेतली. हे कर. हेही कर. त्या प्लॅटफॉर्मपाशी आलो, माझं बोट वर थांबलं. साठे साहेब दारात उभे होते.

‘हे राहू दे,’ मॅडम म्हणाल्या. ‘याचा आवाज मला नीट वाटत नाहीये.’

‘कधीपर्यंत?’ साठेंनी विचारलं.

‘नीट येईपर्यंत.’

साठे दारातून हलले नाहीत. मग म्हणाले, ‘आणि विक्री कमी झाली तर?’ मॅडम म्हणाल्या, ‘तर मी वर जाऊन उत्तर देईन. तुमचं नाव येणार नाही.’ आणि पर्स उचलून मला म्हणाल्या, ‘चल. माझा मिक्सर बंद पडलाय.’

खरोखरच पडला होता. गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेला. आम्ही महाळुंग्याला पोचलो, मॅडमनी तो दोन्ही हातांनी उचलून मुनीरभाईंच्या टेबलावर ठेवला, आणि भाईंच्या चेहऱ्यावर मी नवरात्र लागल्यापासूनचं पहिलं खरं हसू पाहिलं.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘ह्यो आपला न्हाई.’

नव्हताच! आमच्या जाहिरात खात्याच्या प्रमुख, आणि घरी दुसऱ्याच कंपनीचा मिक्सर! मॅडमचा चेहरा असा झाला की काय सांगू. ‘लग्नात आलेला आहे हो,’ म्हणाल्या, ‘जुना आहे म्हणून टाकवत नाही.’ भाईंनी तो उलटा केला आणि बुडाशी काहीतरी केलं. मिक्सर घुमला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. पुस्तिकेतलं लाल बटणाचं पान मॅडमनी स्वतः तपासलेलं होतं.

मग बोर्डाची चादर सोडली. भाई स्टुलावर चढले, मॅडमनी खालून आधार दिला, मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन, अण्णांसारखी लांब उभी राहून, डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या ओरडत होते. जिथून तो व्हिडिओ घेतला होता, जवळपास तिथंच मी उभी होते. बोर्ड थोडा तिरका बसला.

आता तुम्ही विचाराल, मग काय झालं? फार काही झालं नाही. आम्ही त्या प्लॅटफॉर्मला कळवलं, त्यांच्याकडून यंत्रानं लिहिलेलं गोड उत्तर आलं. ते पेज अजून आहे, आता त्याच्यावर कसल्याशा सरबताची जाहिरात लागते. व्हिडिओ काढला गेला नाही, नुसता जुना झाला. काही गिऱ्हाईकं परत आली, काही कधीच आली नाहीत. विक्रीला थोडा फटका बसला, पण बोनस झाला. पहिल्याइतका नाही. खाली काही चेहरे नाराज होते, आणि त्यांची नाराजी खोटी नव्हती. साठे साहेब दर वर्षीच्या मीटिंगमध्ये अजून म्हणतात, ‘आपण तिथं नाही, हा भाबडेपणा आहे.’ पण बहिणीचा मिक्सर बिघडला तेव्हा तो त्यांनी पिंपरीहून महाळुंग्यालाच नेला, हे भाईंनीच मला सांगितलं. कदम मामा रिटायर झाले. मोठ्या कंपन्यांनी अशा ठिकाणी जाहिरात करावी की नाही, यावर भाषण द्यायला मला कुणी बोलावणार नाही, आणि बोलावलं तर मी अण्णांच्या दंतमंजनाची गोष्ट सांगून खाली बसेन.

मला एकच गोष्ट डाचत राहिली. बोर्ड वर गेला, पण भाई बाहेर आले नाहीत. पुढचं नवरात्र गेलं, दिवाळी गेली, त्याच्या पुढचंही वर्ष गेलं. मी जायची तेव्हा ते पडद्याआड बादलीत भांडी धूत असायचे. बाहेरचा नळ कोरडा, फरशीवर शेवाळही उरलं नव्हतं. शिफ्टची पोरं ‘काय भाई!’ म्हणायला वेग कमी करायची आणि कुणी दिसलं नाही की निघून जायची. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, ‘आत बरं पडतं ताई. ऊन लागत न्हाई.’ मग मीही विचारायचं सोडलं.

यंदा घट बसले, जिन्यात शेंगदाण्यांचा वास आला, आणि आमच्याच घरातून जळक्या तारेचा. भिजवलेल्या मिरच्या भरून मी मिक्सर फिरवला होता आणि पातं घट्ट अडकलं. स्वतःच्या कंपनीचा, लाज काढली. मिक्सर आणि भरलेलं भांडं तसंच पिशवीत घालून मी महाळुंग्याला गेले. दुकानात गर्दी होती. टेबलावर भांडं ठेवलं, म्हटलं, भाई, घाई नाही, मिरच्या आहेत आत, जरा जपून. आणि समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेले.

कप हातात घेऊन वळले, तर रस्त्यापलीकडे, तिरक्या बोर्डाखाली, नळ वाहत होता.

मुनीरभाई उकिडवे बसले होते, पाठ दुकानाकडे, तोंड रस्त्याकडे. माझ्या भांड्यातून लालभडक पाणी फरशीवरून गटारात चाललं होतं. दुसऱ्या शिफ्टची बस वळणावर हळू झाली, खिडकीतून कुणीतरी ‘काय भाई!’ ओरडलं, आणि त्यांनी लाल झालेला ओला हात वर केला. मग मी दिसले तशी रस्त्यापलीकडून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

‘ताई, तिखट लई खाताय! म्हणून एवढं तापता व्हय!’